पूर्वपक्ष

गौरीगणपतीस सर्व बिऱ्हाडांनीं मूळ घरीं जमावें, ही आमच्या घराण्यांतील वहिवाट अद्यापि मोडलेली नाहीं. यंदा मधल्या बंधूंचा मुलगा आणि धाकट्या बंधूंचा मुलगा, असे माझे दोन पुतणे, कलकत्त्याहून एकाच गाडीनें आले. पहिला तेथें नोकरीस आहे, दुसरा विद्यार्थी. चार वर्षें परमुलखांत एकमेकांच्या आधारानें राहिलेलीं हीं मुलें. त्यांच्यांत वितुष्ट येईल असें कोणाच्या स्वप्नींहि नव्हतें. परंतु गौरीजेवणाच्या दिवशीं धाकटा भरल्या ताटावरून उठला. चौकशी करतां कळलें कीं, भांडण फुटबॉलवरून झालें.

मीं जन्मभर शाळेंत संस्कृत शिकविलें. फुटबॉलशीं माझा संबंध म्हणजे मैदानावरून वर्गांत येऊन पडलेला चेंडू परत फेंकण्यापुरता. तथापि घरांतील वडीलपणा पदरीं आल्यामुळें दोघांसहि ओसरीवर बोलावून हकीकत ऐकून घेणें प्राप्त झालें. ती ऐकतां ऐकतां ध्यानांत आलें कीं, प्रश्न खेळाचा नाहीं; भांडावें कसें, याचा आहे. आणि त्या विषयाचा आपल्या शास्त्रकारांनीं पुष्कळ विचार करून ठेविला आहे.

थोरला मोहन बागान संघाचा अभिमानी, धाकटा ईस्ट बंगालचा. दोन्ही संघ कलकत्त्याचेच. पहिला १८८९ सालीं स्थापन झाला, दुसरा १९२० सालीं. हिरवा व किरमिजी हे पहिल्याचे रंग. लाल व सोनेरी हे दुसऱ्याचे. पश्चिम बंगालच्या मूळ रहिवाशांना तिकडे घोटी म्हणतात आणि पूर्व बंगालमधून आलेल्यांना बांगाल. घोटींनीं बागानची बाजू घ्यावयाची व बांगालांनीं ईस्ट बंगालची, असा स्थूलमानानें रिवाज आहे. ईस्ट बंगाल जिंकला कीं घरीं हिल्सा मासा यावयाचा, बागान जिंकला कीं कोळंबी. आपल्या घरांतून मत्स्याहाराचा प्रश्न येत नाहीं. परंतु श्रीखंड केव्हां करावें आणि पुरणपोळी केव्हां, याचा निकाल चेंडूवर लागूं लागला तर स्वयंपाकघरांत काय होईल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

थोरल्याचें बिऱ्हाड उत्तर कलकत्त्यांत एका जुन्या घोटी कुटुंबाकडे. धाकटा जादवपूरच्या बाजूस, फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांनीं वसविलेल्या एका वसाहतींत राहतो. ज्या घरचें अन्न त्या घरचा संघ, असें झालें. त्या दिवशीं बोलणें निघालें तें कोणत्याशा सामन्यांत कोणीं कोणास पाय घालून पाडलें, यावरून. तेथून तें सर्वांत मोठा खेळाडू कोण यावर गेलें, आणि प्रत्येकीं एक शब्द चढवीत चढवीत शेवटीं थोरला बोलून गेला, "घरदार सोडून आलेल्यांना रीतभात कोठून असणार?" धाकट्याच्या घरमालकीण बाई लहानपणीं आईच्या कडेवर बसून सीमा ओलांडून आलेल्या. गेलीं चार वर्षें याच्या पानांत वाढल्यावांचून त्या स्वतः जेवलेल्या नाहींत. पोरगा ताटावरून उठला यांत नवल तें काय?

न्यायशास्त्रांत कथेचे, म्हणजे दोन पक्षांमधील चर्चेचे, तीन प्रकार सांगितले आहेत : वाद, जल्प आणि वितंडा. सत्य काय आहे हें कळावें म्हणून होतो तो वाद. गुरुशिष्यांमध्यें चालतो तो हाच. सत्य कोठेंहि असो, जय आपला झाला पाहिजे, या बुद्धीनें होतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष कांहींच न मांडतां दुसऱ्याचा तेवढा खोडीत बसणें ही वितंडा. जल्पाचें एक हत्यार म्हणजे छल : बोलणाऱ्याच्या शब्दास त्याच्या मनांत नसलेला अर्थ चिकटविणें. कोणी म्हणालें, "हा नवकंबल आहे," म्हणजे याची कांबळ नवी आहे, त्यावर दुसऱ्यानें म्हणावें, "नऊ कोठें आहेत? मला तर एकच दिसते!" नव शब्दाचे दोन अर्थ, त्यांतला सोयीचा तेवढा उचलावयाचा. आमच्या ओसरीवर याचें ताजें उदाहरण घडलें. थोरला म्हणाला, "चुनी गोस्वामी जन्मभर एकाच संघांत खेळला." धाकटा म्हणाला, "म्हणजे दुसरीकडे जाण्याची छाती नव्हती, असेंच ना?" शास्त्रकारांस फुटबॉल ठाऊक नव्हता, परंतु त्याचे रसिक त्यांच्या चांगल्या परिचयाचे असावेत.

आपल्या ग्रंथांची दुसरी एक रीत मला फार मोलाची वाटत आली आहे. सिद्धांत सांगण्यापूर्वीं प्रतिपक्ष्याचें म्हणणें पूर्वपक्ष म्हणून मांडावयाचें, आणि तेंहि तो स्वतः मांडील तितक्याच बळकटपणें. दुबळा पूर्वपक्ष उभा करून तो पाडण्यांत कांहीं पुरुषार्थ नाहीं. मीं दोघांस सांगितलें, "उद्यां दुपारीं थोरल्यानें ईस्ट बंगालचा पक्ष मांडावा, धाकट्यानें मोहन बागानचा. निंदेचा एक शब्द येतां कामा नये, आणि मांडाल तें खरें असलें पाहिजे."

दुसऱ्या दिवशीं ओसरीवर घरांतील सर्वच मंडळी येऊन बसली. माझ्या मातोश्री नव्वदीच्या घरांत आहेत; त्यांनींहि आपला पाट मागविला.

थोरल्यानें रात्रीं जागून तयारी केलेली दिसली. त्यानें आरंभ केला तो २८ जुलै १९२० पासून. त्या दिवशीं कूचबिहार चषकासाठीं जोडाबागान व मोहन बागान यांचा सामना होता. जोडाबागाननें शैलेश बोस या आपल्या खेळाडूस वगळलें. त्या संघाचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी यांनीं त्याला घ्या म्हणून आग्रह धरला, तो कोणीं मानला नाहीं. तेव्हां ते बाहेर पडले, आणि तीनचार दिवसांतच, १ ऑगस्ट रोजीं, ईस्ट बंगाल संघ जन्मास आला. थोरला म्हणाला, "अण्णा, हें मला कालपर्यंत ठाऊक नव्हतें. भांडण मुळांत आमच्याशीं नव्हतेंच. एका गुणी माणसाची कदर झाली नाहीं, म्हणून हा संघ निघाला."

पुढें १९४७ सालीं देशाची फाळणी झाली. लाखों लोक घरदार टाकून कलकत्त्यास आले. गेलेल्या मुलखाचें नांव अभिमानानें उच्चारावयास उरलें तें या संघाच्या नांवांत. आणि याच काळांत संघाच्या आघाडीस जे पांच खेळाडू होते, व्यंकटेश, अप्पाराव, धनराज, अहमद खान आणि सालेह, ते सर्वच्या सर्व दक्षिणेकडचे. बंगाल्यांनीं त्यांना पंचपांडव हें नांव दिलें. विस्थापितांच्या अभिमानाचें ओझें ज्यांनीं खांद्यावर घेतलें, त्यांच्यांतील एकहि पूर्व बंगालचा नव्हता.

नंतर तो तुलसीदास बलराम या नांवापाशीं आला आणि क्षणभर थांबला. कारण आदल्याच दिवशीं तो या नांवास हंसला होता. बलराम सिकंदराबादकडचे. १९५७ पासून ते ईस्ट बंगालकडे खेळले. १९६१ सालीं त्यांच्या नायकत्वाखालीं संघानें कलकत्त्याची लीग जिंकली. १९६० सालच्या रोम ऑलिंपिकमध्यें भारतानें एकंदर तीनच गोल केले. त्यांतील दोन, हंगेरीविरुद्धचा व पेरूविरुद्धचा, बलरामांचे. तिसरा, फ्रान्सविरुद्धचा, प्रदीपकुमार बॅनर्जींचा. १९६२ सालीं जाकार्ता येथें आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत भारतानें दक्षिण कोरियास २-१ असें हरवून सुवर्णपदक मिळविलें. शिक्षक सय्यद अब्दुल रहीम, नायक चुनी गोस्वामी, आणि आघाडींत चुनी, प्रदीपकुमार व बलराम हे त्रिकूट. पुढें चुनींना १९८३ सालीं पद्मश्री मिळाली, प्रदीपकुमारांना १९९० सालीं. बलरामांच्या वाट्यास अर्जुन पुरस्कार आला. पद्म पुरस्कार आला नाहीं. प्रकृतीच्या कारणानें त्यांचा खेळ सत्ताविशीच्या आंतबाहेर संपला. अखेरचीं वर्षें त्यांनीं हुगळीकांठीं उत्तरपाडा येथें काढलीं, आणि १६ फेब्रुवारी २०२३ रोजीं ते निवर्तले.

"मग तिघांत श्रेष्ठ कोण?" मीं विचारलें.

थोरला म्हणाला, "चुनी. पण बलराम फार मागें नाहींत. आणि हें म्हणावयास मला चार वर्षें लागलीं."

येथें मला थोडें थांबावेंसें वाटतें. एखादा खेळाडू उपेक्षित कां राहतो? त्याचा खेळ कमी पडला म्हणूनच, असें नाहीं. ज्याची कारकीर्द लांबते त्याच्या आठवणी सांगणारे वाढतात. ज्याच्या पाठीशीं जयजयकार करणारा समुदाय असतो त्याचे गुण पिढ्यान्‌पिढ्या पाठ होतात. बलराम लवकर थांबले आणि आपल्या मुलखापासून दूर राहिले. त्रिकुटांतील प्रदीपकुमारांचें उदाहरण तर याहून बोधप्रद आहे. ते खेळले ईस्टर्न रेल्वेकडून. १९५८ सालीं त्या संघानें दोन्ही बलाढ्य संघांस मागें टाकून लीग जिंकली. पुढें शिक्षक म्हणून त्यांनीं आधीं ईस्ट बंगालला घडविलें आणि मग मोहन बागानलाहि. ज्याला दोन्ही बाजू आपला म्हणतात असा मनुष्य क्वचित्‌च सांपडतो.

आपण तरी याहून निराळे आहों काय? १ डिसेंबर १९५६ रोजीं मेलबर्न ऑलिंपिकमध्यें भारतानें यजमान ऑस्ट्रेलियास ४-२ असें हरविलें. त्यांतील तीन गोल नेव्हिल डिसूझा यांचे. ऑलिंपिक फुटबॉलमध्यें एकाच सामन्यांत तीन गोल करणारे ते पहिले आशियाई खेळाडू. त्या स्पर्धेंत भारत चवथा आला. डिसूझा मूळचे गोव्याचे, खेळले मुंबईंत. मुंबईपुण्याकडील किती घरांतून हें नांव मुलांस ठाऊक आहे? माझ्या घरांत तें कोणासहि ठाऊक नव्हतें, मलासुद्धां नाहीं. पुतण्यांनीं सांगितलें तेव्हां कळलें. दुसऱ्याच्या पक्षपातास हंसणें सोपें. आपल्या विस्मरणाचा जाब द्यावयाची वेळ आली कीं मान खालीं जाते.

आतां धाकट्याची पाळी. त्यानें २९ जुलै १९११ हा दिवस घेतला. आय. एफ. ए. शील्डचा अंतिम सामना. एका बाजूस ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट ही गोरी पलटण, दुसऱ्या बाजूस मोहन बागान. बागानच्या अकरा जणांत एकट्या सुधीर चॅटर्जींच्या पायांत बूट होते; बाकीचे दहा अनवाणी. पहिला गोल पलटणीनें केला. मग नायक शिवदास भादुडींनीं बरोबरी केली आणि अभिलाष घोषांनीं विजयाचा गोल केला. हिंदी संघानें ती शील्ड जिंकण्याची ही पहिलीच वेळ. धाकटा म्हणाला, "त्या वेळीं आमचा संघ निघालाहि नव्हता. म्हणजे तो विजय आमच्याहि आजोबापणजोबांचा. आम्हीं उगाच तो तुम्हांस देऊन टाकिला!" सर्व मंडळी हंसली, थोरलाहि हंसला.

त्यानें पुढें गोष्ठ पाल यांचें नांव काढलें. बागानच्या बचावफळीचा हा आधारस्तंभ. लोक त्यांस चीनची भिंत म्हणत. १९६२ सालीं पद्मश्री मिळालेले हे भारताचे पहिले फुटबॉलपटू. जन्म मात्र पूर्व बंगालांतील फरीदपूर जिल्ह्यांतला. म्हणजे घोटींच्या संघाची भिंत बांगाल, आणि बांगालांच्या संघाचे पांडव दक्षिणी! मग हें घोटी-बांगाल प्रकरण चेंडूस कोठें दिसलें? शेवटीं चुनी गोस्वामींविषयीं बोलतांना त्यानें एकनिष्ठ हाच शब्द वापरला, आणि या वेळीं त्यांत छल नव्हता. शिवाय १९७१-७२ सालीं रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यांत मुंबईविरुद्ध बंगालच्या क्रिकेट संघाचे नायक हेच चुनी होते, हेंहि त्यानें सांगितलें. एका माणसानें दोन खेळांत इतकें करावें, ही गोष्ट त्यानें मनापासून वाखाणली.

पूर्वपक्ष झाले. मीं म्हटलें, "आतां ज्यावरून आरंभ झाला तें बोला. खेळाडूच्या वर्तनाचें काय?"

दोघेहि गप्प बसले. मग थोरल्यानें १६ ऑगस्ट १९८० ची हकीकत सांगितली. ईडन गार्डन्सवर या दोन संघांचा लीगचा सामना होता. ईस्ट बंगालचे दिलीप पालित व मोहन बागानचे बिदेश बोस यांच्यांत मैदानावर झटापट झाली. पंचांनीं दोघांसहि बाहेर काढलें. न्याय दोहोंकडे सारखाच झाला. परंतु प्रेक्षकांत प्रत्येकास एकाचाच अपराध दिसत होता. मारामारी जुंपली, दगड उडाले, लोक जिवाच्या भीतीनें पळूं लागले, आणि चेंगराचेंगरींत सोळा माणसें मेलीं. सामन्यांत गोल एकहि झाला नाहीं.

धाकटा म्हणूं लागला, "पण आधीं पाय कोणीं घातला हें पाहिलें तर..." तेव्हां मातोश्रींनीं मध्येंच विचारलें, "अरे, तीं सोळा मुलें कोणत्या बाजूचीं होतीं?"

या दोघांस पन्नास वर्षांचे गोल तोंडपाठ. कोणत्या सामन्यांत कितव्या मिनिटाला कोणीं काय केलें, तें सांगतील. परंतु या प्रश्नाचें उत्तर एकासहि देतां येईना. काय कोणास ठाऊक, पण दोघांनींहि एकदमच मान खालीं घातली. कांहीं वेळानें थोरला म्हणाला, "आजी, १६ ऑगस्टला तेथें दर वर्षीं त्यांच्या स्मरणार्थ रक्तदान होतें. दोन्हीकडचे लोक येतात." मातोश्री म्हणाल्या, "आधीं सांडावयाचें आणि मग द्यावयाचें. पण देतात, हें बरें."

खेळाडूच्या वर्तनाविषयीं माझें मत त्या दिवशीं बनलें तें असें. धावत्या खेळांत, घामाघूम झालेल्या तरुणाचा तोल क्षणभर सुटला तर त्याला शिक्षा करावयास पंच आहे. परंतु सावलींत बसून, पोटभर जेवून, सामना संपल्यावर तीन दिवसांनीं ज्याचा तोल सुटतो, त्याला पंच कोण? आपल्या बाजूच्यानें पाय घातला तर "खेळांत असें होतेंच," आणि समोरच्यानें घातला तर "त्यांची जातच तशी," हा न्याय नव्हे. याची एक सोपी कसोटी आहे. घडलेला प्रकार डोळ्यांपुढें आणावा आणि दोघांच्या अंगांतील सदऱ्यांचे रंग मनांतल्या मनांत बदलावेत. निकाल बदलला, तर समजावें कीं आपण खेळ पाहिला नाहीं, रंग पाहिला. ही कसोटी फुटबॉलपुरतीच आहे, असेंहि नाहीं. सासुरवाडी आणि माहेर, भाऊ आणि भावजय, शेजारी आणि भाडेकरू, यांच्या तंट्यांत ती लावून पाहावी. मीं स्वतःस लावून पाहिली. निकाल येथें लिहिण्याजोगा नाहीं.

उठण्यापूर्वीं मीं एक शेवटचा प्रश्न केला. ऑगस्ट २०२४ मध्यें कलकत्त्याच्या आर. जी. कर रुग्णालयांत एका तरुण स्त्री डॉक्टरवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली, तेव्हां सर्व शहर रस्त्यावर आलें होतें. १८ ऑगस्टला ड्युरँड चषकांतील या दोन संघांचा सामना ठरला होता. बंदोबस्तास पोलीस अपुरे म्हणून तो रद्द झाला. तरी दोन्ही संघांचे अभिमानी सॉल्ट लेकच्या क्रीडांगणाबाहेर जमले, आणि त्यांच्याबरोबर मोहमेडन स्पोर्टिंगचेहि. हिरवीं-किरमिजी आणि लाल-सोनेरी निशाणें शेजारीं शेजारीं धरून सर्वांनीं एकाच घोषणेनें न्याय मागितला. पोलिसांच्या लाठ्या बसल्या त्याहि रंग न पाहतां. हें मीं वर्तमानपत्रांत वाचलें होतें. मीं विचारलें, "त्या दिवशीं तुम्ही दोघे कोठें होतां?"

धाकटा म्हणाला, "तेथेंच, अण्णा. दादानें मला गर्दींतून ओढून बाहेर काढलें."

यावर मला बोलावयास कांहींच उरलें नाहीं. शंभर वर्षांचें वैर ज्यांना एका दुपारीं बाजूस ठेवितां आलें, त्यांना तें ताटावर बसतांना ठेवितां येऊं नये, ही मोठी विचित्र गोष्ट आहे. परंतु माणसाचें असेंच असतें. मोठ्या प्रसंगीं तें मोठें होतें. खरी परीक्षा रोजच्या पंगतींत होते.

वैर नाहींसें व्हावें, असें माझें म्हणणें नाहीं. प्रतिपक्ष नसेल तर वाद नाहीं, आणि वाद नसेल तर सत्यहि आळसावून पडतें. मोहन बागान नसता तर ईस्ट बंगालनें कोणापेक्षां चांगलें व्हावयाचें? इकडे कोल्हापुरांतहि पेठांच्या तालमींचे फुटबॉल संघ आहेत, आणि तेथील चुरस पाहून आलेले लोक तिचें वर्णन मोठ्या गोडीनें करितात. मागणें इतकेंच कीं, जल्पाच्या भरांत असलों तरी दिवसांतून एकदां तरी दुसऱ्याचा पूर्वपक्ष प्रामाणिकपणें मांडून पाहावा. ज्याला तो मांडतां येत नाहीं, त्याला स्वतःचा सिद्धांतहि कळलेला नसतो.

रात्रीं पंगतींत थोरला वाढावयास उभा राहिला. धाकट्याच्या पानाशीं येतांच हातांतील भांडें तसेंच धरून तो म्हणाला, "परत गेल्यावर मला तुझ्या त्या बाईंकडे घेऊन चल. मला त्यांची क्षमा मागावयाची आहे."

"नेईन," धाकटा म्हणाला. "पण तूं कोणाचा, हें त्या आधीं विचारतील. खोटें बोलावयाचें नाहीं."

"बागानचा म्हणूनच सांगेन. मग जेवावयास वाढतील काय?"

"वाढतील," धाकटा म्हणाला. "पण आधीं तासभर ऐकावें लागेल."